तीन मैदानांची माती

१

रविवारी, दहा फेब्रुवारी १९४६ रोजी, सकाळी दहाला पाच मिनिटे कमी असताना अजीज सय्यद बाजारातून पाव घेऊन घरी परतला. पुढच्या खोलीतल्या टेबलावर त्याने जाताना तीन लिफाफे ठेवले होते. आता तिथे दोनच होते.

त्याने टेबलाखाली पाहिले, दोन्ही खण उघडले, सतरंजी उचलून झटकली. मग तो मागच्या अंगणात गेला. तिथे कानिफनाथ आरसा भिंतीला टेकवून दाढी करत होता.

"कानिफराव, मिरजगावचा अहवाल कुठं आहे?"

"मला काय विचारता? चिटणीस तुम्ही."

"टेबलावर नाही."

कानिफनाथचा वस्तरा गालावरच थांबला.

अजीज हा जिल्हा फुटबॉल मंडळाचा चिटणीस होता आणि भिंगारच्या बाजारपेठेतली त्याची ही पुढची खोली हेच मंडळाचे कार्यालय होते. गेली अकरा वर्षे जिल्हा करंडकाचा अंतिम सामना भिंगारच्या लष्करी मैदानावर होत आला होता. लढाई संपल्यावर मंडळाने ठरवले, की यंदा हा मान दुसऱ्या गावांनाही मागता यावा. तीन अर्ज आले. एक अर्थातच भिंगारचा. दुसरा भंडारदऱ्याचा, तिथे धरणावरच्या वसाहतीत कामगारांचा संघ होता आणि त्यांच्या वतीने पाटबंधारे खात्यातला कारकून कानिफनाथ शनिवारीच येऊन अजीजकडे उतरला होता. तिसरा अर्ज मिरजगावच्या सहादेवचा.

मैदाने पाहून अहवाल लिहिण्याचे काम नबीलालकडे होते. हा निवृत्त हवालदार. त्याची एक रीत होती. प्रत्येक मैदानाची मूठभर माती तो आणी, फडक्यात बांधी आणि ती पुरचुंडी सुतळीने लिफाफ्याला जोडी. कागद वाचण्याआधी सभासदांनी माती हातात घ्यावी, चेंडू किती उसळेल आणि पडणाऱ्याचा गुडघा किती सोलेल ते मातीच सांगते, असे तो म्हणे. लिफाफे चिकटवलेले असत आणि भर सभेत फोडले जात. यंदाही त्याने तिन्ही मैदाने पाहिली, मंगळवारी तिन्ही लिफाफे अजीजच्या हाती दिले, आणि गुरुवारी पहाटे तो न्यूमोनियाने वारला.

म्हणजे गेलेला अहवाल पुन्हा लिहून मिळणार नव्हता. मंडळाचा नियम होता, की ज्या मैदानाचा अहवाल सभेपुढे नाही, त्या मैदानाचा विचार होणार नाही. सभा दुपारी चारला होती.

सव्वादहाला सहादेव दारात आला. तो आणि त्याची बायको मुक्ताबाई सकाळच्या मोटारीने मिरजगावहून आले होते. मुक्ताबाईला नबीलालच्या विधवेला भेटायचे होते; तोवर ती आत अजीजच्या बायकोजवळ बसली होती. सहादेव मात्र आल्या आल्या भिंगारचे मैदान पाहायला गेला होता. अजीजने त्याला काय झाले ते सांगितले.

सहादेव उंबऱ्यावरच खाली बसला. तिथूनच म्हणाला, "अकरा वर्सं सामना तुमच्या दारात. बाराव्या वर्सी आमी मागितला, तर कागदच न्हाई. अजीजभाई, हिसाब लई सरळ हाय."

"सहादेवराव, तोंड सांभाळा."

"पोरगं ग्येलं माजं. आता तोंड सांबाळून काय करू?"

२

दाऊद शेखला बोलावणे गेले तेव्हा तो एका सुभेदाराच्या कोटाला बाही लावत होता. लष्करी गणवेश शिवणे हा त्याचा धंदा आणि पंचगिरी हा सत्तावीस वर्षांचा छंद. मंडळाचा अध्यक्षही तोच होता, कारण त्याच्या शिट्टीवर कुणी वाद घालत नसे.

तो आला, टोपी काढून खुंटीला लावली आणि आधी टेबलाजवळ गेला. दोन लिफाफे होते, भिंगार आणि भंडारदरा. प्रत्येकावर अजीजने अंगठ्याएवढ्या जाड अक्षरात गावाचे नाव लिहिलेले. शेजारी तीन पुरचुंड्या, पांढरी, हिरवी आणि निळी. सुतळ्या तिन्हींच्या सुटलेल्या होत्या.

"माती तिन्ही गावांची आहे. लिफाफे दोन," दाऊद म्हणाला. "चोरानं माती ठेवली."

"मातीचं तो काय करणार?" अजीज म्हणाला.

दाऊदने वाकून टेबलाच्या फळीवर बोट फिरवले. बोटाला तांबडी माती लागली, आणि थोडा पिवळसर मुरूम.

"सकाळी कुणी आलं होतं?"

"बाहेरचं कुणी नाही. मी सव्वानऊला गेलो तेव्हा रस्त्याकडच्या दाराला आतून कडी घालायला लावली. परत आलो तेव्हा कडी तशीच. बायकोनं उघडली."

"म्हणजे घरातलं माणूस."

"म्हणजे कानिफराव," अजीज हळू आवाजात म्हणाला. "सहादेव मैदानावर गेला होता. मी बाजारात. राहिलं कोण?"

"तू बाजारात होतास याला साक्षीदार?"

अजीजचा चेहरा उतरला. "दाऊदभाई, तुम्हीसुद्धा?"

"मी पंच आहे. दोन्ही बाजूंना सारखंच विचारतो."

"पाववाल्याला विचारा. बाजारात एक शब्द बोललो तर चार लोक थांबून भांडण लावतात असे दिवस आहेत. हे घराबाहेर गेलं तर मुसलमान चिटणीसानं हिंदूंच्या गावाचा कागद खाल्ला म्हणतील. मी तीस वर्षं इथं राहतो. मला तेच नकोय, एवढं तरी समजून घ्या."

दाऊदने मान हलवली. तेवढ्यात मागच्या अंगणातून काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कानिफनाथ ओरडला.

३

सहादेवने कानिफनाथची पत्र्याची पेटी अंगणात उपडी केली होती. धोतर, सदरा, फुटबॉलचा नवा ब्लॅडर, एक पंचा, करवंदाच्या लोणच्याची बरणी. बरणी फुटली होती.

"बायकोनं अजीजभाईंसाठी दिलं होतं," कानिफनाथ म्हणाला. "तुम्हाला शोध घ्यायचा होता तर मला सांगायचं. मी उघडून दाखवली असती."

सहादेवच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. तो त्याने दाऊदपुढे धरला. "वाचा. मला वाचाया येतं. ह्येच्यावर मिरजगाव लिवलंय."

कागदावर पेन्सिलीने एका मैदानाची आकृती काढलेली होती. लांबी, रुंदी, उतार. पूर्वेकडच्या गोलापाशी एक फुली होती आणि खाली लिहिले होते: *डावा खांब, सात इंच. फुले.*

"हे नबीलालचं अक्षर नाही," दाऊद म्हणाला.

"माझं आहे," कानिफनाथ म्हणाला. "लपवायचं काय त्यात? मागच्या सोमवारी नगरला खात्याच्या कामाला आलो होतो, तसाच मोटारीनं पुढं मिरजगावला गेलो. मैदान बघितलं आणि परत फिरलो. तुम्ही आज सकाळी भिंगारचं मैदान पावलांनी मोजत होता ना? मीही तेच केलं."

"आन् फुलं कसली?"

"तेच सांगतो. नियम असा, की गोलाचा खांब पाच इंचांपेक्षा जाड नको. तुमचा डावा खांब सात इंच आहे. का? तर तो खांब नाहीच, झाड आहे. ओला पांगारा तोडून पुरलाय कुणीतरी, कुंपणाला पुरतात तसा. त्यानं मूळ धरलंय. डोक्यावर लाल फुलांचा तुरा आहे. चेंडू त्याला लागला तर कुठं जाईल ते तोच जाणे. नबीलालनं हे लिहिलं असणारच, आणि नसतं लिहिलं तर मी सभेत उठून विचारणार होतो. मला तो अहवाल हवा होता, सहादेवराव. मोठ्यानं वाचून हवा होता."

सहादेव अंगणात पडलेली बरणीची खापरे गोळा करू लागला.

"खांब कुणी पुरला?" दाऊदने विचारले.

"माज्या पोरानं, गहिनीनाथनं." तो वर न पाहता बोलत होता. "चव्वेचाळीसच्या माघात रजेवर आल्ता. गोलकीपर हुता त्यो पलटनीत. गावची पोरं गोळा क्येली, माळ सपाट क्येला. पानमळ्यात पांगारा तोडून पडल्याला, त्योच आनला. मी म्हनलं, आरं वाळल्यालं लाकूड बग. म्हनाला, दादा, पुढच्या रजंला सागवानी आनतो. मग ग्येला आसामच्या हद्दीवर. जेठात तार आली, सापडत न्हाई म्हनून. तार आल्यावर आठ दिसांनी पाऊस झाला, आन् खांबाला पालवी फुटली."

कानिफनाथने वस्तरा पुसून पेटीत ठेवला.

"नबीलालचाचा आले तवा त्येंनी बी मोजला," सहादेव म्हणाला. "म्हनाले, मैदान तिन्हीत तुमचंच बेस हाय. येवडा खांब काडावा लागंल. मी म्हनलं, काडू. सागवानी आनू. पर सामना आमच्याकडं व्हऊ द्या. येकडाव त्येच्या मैदानावर जिल्ह्याचा सामना व्हऊ द्या, मग झालं."

याचा अर्थ दाऊदने मनाशी नीट लावला. अहवाल मिरजगावच्या बाजूचा होता. कानिफनाथला तो वाचून हवा होता. अजीजला त्यात काय आहे ते माहीत नव्हते. आणि सहादेवला तर तो जीवापलीकडे हवा होता. ज्याला तो नको होता असा माणूस या तिघांत नव्हता.

४

अजीजची बायको सरवरी स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत होती. आत चुलीपाशी मुक्ताबाई पदर डोक्यावर घेऊन बसली होती आणि सरवरीच्या धाकट्या मुलीला मांडीवर थोपटत होती.

"भाभी, या पुरचुंड्यांची फडकी तुमच्या घरातली ना?" दाऊदने विचारले.

"माझ्याच चिंध्या. मंगळवारी नबीलालचाचा आले तेव्हा माती कागदात होती. कागद फाटत होते म्हणून मी फडकी दिली. हिरवं माझ्या ओढणीचं, ते भंडारदऱ्याला. पांढरं यांच्या लेंग्याचं, ते भिंगारला. निळं कुडत्याचं, ते मिरजगावला. इथंच बसून बांधली त्यांनी. खोकत होते हो फार. मी म्हटलं, चाचा, मी बांधते. म्हणाले, नको, गाठ शिपायाची पाहिजे."

"गाठी किती मारल्या?"

"दोन दोन. ओढून. मला म्हणाले, बघ सरवरी, आता सभेशिवाय सुटायची नाही."

"तुम्ही सकाळी पुढच्या खोलीत गेला होता?"

"हे बाजारात गेल्यावर मी विहिरीवर गेले दोन घागरी आणायला. मागच्या दारानं. कानिफभाऊ तेव्हा अंगणात पाणी तापवत होते. आले तर ते दाढी करत होते. पुढच्या खोलीत कशाला जाऊ? तिथं यांचे कागद. हात लावला की ओरडतात. मला तर त्यातलं एक अक्षर कळत नाही."

"वाचता येत नाही?"

"कुराण वाचते. तुमचं बाळबोध नाही येत." ती हसली. "का, मी चोर?"

"नाही. तुम्ही असता तर फडक्याचा रंग बघून काम झालं असतं."

सरवरीला ते कळले नाही. मुलगी मांडीवर चुळबुळली, तेव्हा मुक्ताबाईने तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "नीज गं माय. नीज."

दाऊद पुन्हा पुढच्या खोलीत गेला आणि टेबलासमोर उभा राहिला. हिरव्या पुरचुंडीला एकच गाठ होती, सैल. पांढरीलाही तशीच. निळीला गाठ एकच, पण तिचे पदर नीट जुळवून, आत दुमडून मारलेली. त्याने ती सोडली. आत काळी माती होती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. फळीवर तांबडी माती सांडली होती, मुरूम सांडला होता. काळ्या मातीचा एक कणही सांडला नव्हता.

त्याने निळी पुरचुंडी पुन्हा तशीच बांधली. मग त्याने अजीजला हाक मारली.

"सभेला किती वेळ आहे?"

"चार तास. काही कळलं का?"

"कळलं. मुलीला घेऊन सरवरीभाभींना जरा शेजारी पाठव. कानिफरावांना चहा पाज."

"आणि तुम्ही?"

"मी आत जातो," दाऊद म्हणाला. त्याच्या आवाजात चोर सापडल्याचा आनंद नव्हता.

५

"मुक्ताबाई, तुम्हाला वाचता येतं का?"

"न्हाई, दाऊदभाई."

"मला वाटलंच." तो चुलीपासून थोडा लांब, पाटावर बसला. "लिफाफ्यांवर गावांची नावं एवढ्या मोठ्या अक्षरांत आहेत. अजीज वाचतो, कानिफराव वाचतात, सहादेवराव वाचतात. त्यांच्यापैकी कुणी मिरजगावचा लिफाफा चोरला असता तर नाव बघून उचलला असता आणि गेला असता. पण चोरानं तिन्ही पुरचुंड्या सोडल्या. नाव वाचता येत नव्हतं म्हणून माती बघितली. सरवरीभाभींनाही वाचता येत नाही, पण त्यांना रंगावरून माहीत होतं कुठलं फडकं कुठल्या गावाचं. मग घरात एकच माणूस उरलं. त्याला अक्षर ओळखता येत नाही, पण मिरजगावची माती ओळखता येते."

मुक्ताबाई चुलीतले लाकूड पुढे सरकवत राहिली.

"आणि त्या माणसानं दुसऱ्यांची माती सांडली. आपली सांडू दिली नाही."

तिने कमरेची चंची काढली. पानतंबाखूच्या कप्प्यामागे चार घड्या घातलेला लिफाफा होता. तो तिने फोडलासुद्धा नव्हता. तिने तो पाटाशेजारी ठेवला.

"काय लिवलंय त्यात?"

दाऊदने लिफाफा फोडला. नबीलालचे अक्षर मोठे आणि सरळ होते. त्याने वाचले: "'मिरजगाव. लांबी रुंदी नियमाप्रमाणे. जमीन सपाट, दगड वेचलेले. तिन्ही मैदानांत उत्तम. पूर्वेकडील गोलाचा डावा खांब ओल्या पांगाऱ्याचा असून त्याने मूळ धरले आहे. जाडी सात इंच. तो मुळासकट काढून सागवानी खांब पुरल्यास सामना येथे द्यावा, अशी शिफारस.'"

"मुळासकट," मुक्ताबाई म्हणाली.

"तुम्ही ऐकलं होतं?"

"ताक घिऊन ग्येल्ते मैदानावर. नबीलालभाऊ म्हनले, काडावा लागंल. आन् ह्ये म्हनले, काडू." तिने पदराने तोंड पुसले. "येका शबुदात. जसं काय गवात हाय. पाच दीस मी वाट बगितली, मला कायतरी सांगतील. न्हाई सांगितलं. मग म्या म्हनलं, मी बी येते नगरला."

"मुक्ताबाई, तो यायचा असता तर..." दाऊद थांबला. सत्तावीस वर्षांत त्याने कधी अर्धी शिट्टी वाजवली नव्हती.

दारात सहादेव उभा होता. तो कधी आला ते कुणालाच कळले नव्हते. त्याने पाटाशेजारचा फाटका लिफाफा पाहिला, बायकोकडे पाहिले.

"तू?"

"व्हय."

"आगं, त्येच्यासाटीच करतोय ना मी समदं! त्येचं नाव ऱ्हावं म्हनून. आन् तू त्योच कागद कमरंला लावून बसलीस? म्या त्या बिचाऱ्याची पेटी उपडी क्येली. अजीजभाईला नगं ते बोललो."

"माजा खांब काडू नगा."

"त्यो खांब हाय. आपलं पोरगं न्हाई त्यो." सहादेव चौकटीला धरून खाली बसला. "आगं, कागद आल्ता. सरकारचा. कार्तिकात. रानात त्येच्या गळ्यातली पाटी घावली. हाडं घावली. त्येंनी तिकडंच पुरलं. म्या तुला सांगितलं न्हाई. म्हनलं, सामना व्हऊ दे, समदा गाव मैदानावर आसंल, तवा सांगीन. येकट्यानं सांगायाचं बळ न्हाई झालं मला."

दाऊद उठून जाऊ लागला. मुक्ताबाईने हाताने त्याला बसायची खूण केली, जणू साक्षीदार हवा होता.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगंल? रोज त्येच्या वाटची भाकर मी बाजूला ठिवते. आदी तुमी म्हनायचा, ऱ्हाऊ दे, यील. दिवाळी झाली आन् तुमी म्हनायचं सोडलं. गप उचलता आन् गाईला घालता. तवाच कळलं."

"आन् तरी तू रोज ठिवतीस?"

"तुमी सांगत न्हवता. मग मी बी बोलले न्हाई."

चुलीवरचे आधण उतू गेले. ते उतरवायला कुणीच उठले नाही. शेवटी दाऊदने फडके घेऊन भांडे खाली ठेवले.

"त्यो न्हाई ह्ये मला कळतं," मुक्ताबाई म्हणाली. "येडी न्हाई मी. पर आपल्याकडं त्येचं हाय काय? राख न्हाई, हाडं न्हाई. त्येच्या हातनं लावल्यालं येवडंच वाढतंय. नवा खांब बगून लोक टाळ्या वाजवतील. मी कुटं बगू?"

६

सभा चारला सुरू झाली. तालुक्यांचे सहा सभासद आले होते. दाऊद, अजीज आणि नबीलालच्या जागी घेतलेला एक माजी नायक धरून नऊ. अर्जदारांना मत नव्हते. मिरजगावचा लिफाफा टेबलावर होता, फाटलेला.

"हा आधीच फोडलाय," एक सभासद म्हणाला.

"मी फोडला," दाऊद म्हणाला. "सकाळी जागेवर नव्हता. मग सापडला. अक्षर नबीलालचं आहे, सगळ्यांनी बघून घ्या."

"सापडला म्हणजे? कुणाकडं?"

"शिट्टी वाजलीय. खेळ पुढं चालू."

एकजण हसला, आणि विषय तिथेच संपला. तिन्ही अहवाल वाचले गेले. भिंगारचा मुरूम कठीण, पडणाऱ्याला इजा. भंडारदऱ्याची जमीन तांबडी आणि मऊ, पण एका कोपऱ्याला उतार. पुरचुंड्या हातोहात फिरल्या. चिठ्ठ्यांवर मते घेतली. मिरजगाव सहा, भंडारदरा दोन, भिंगार एक. सामना मिरजगावला मिळाला होता.

अजीजने निर्णय लिहायला घेतला. "अट एकच. पूर्वेकडचा डावा खांब काढून नवा पुरणे. सहादेवराव, मान्य?"

सहादेव उभा राहिला. या एका शब्दासाठी त्याने दोन पावसाळे माळावरचे दगड वेचले होते. आतल्या दाराला पडदा होता आणि पडद्याच्या खाली मुक्ताबाईची पावले दिसत होती.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय न्हाई?"

"खांब काडायचा न्हाई. अट मान्य न्हाई. सामना दुसरीकडं द्या."

"अहो, एक पांगाऱ्याचा खुंट!" वयस्कर सभासद उसळला. "सहा मतं पडलीत तुम्हाला! मग अर्ज केला कशाला? आमचा रविवार घालवायला?"

"चुकलं माजं," सहादेव म्हणाला. "माफी करा."

नियमाप्रमाणे उरलेल्या दोन गावांत पुन्हा मते घेतली. भंडारदरा सात, भिंगार दोन. जिल्हा करंडकाचा अंतिम सामना सतरा मार्चला भंडारदऱ्याला होईल, असे अजीजने लिहिले. दाऊदने खाली सही केली. सभा चार वाजून पन्नास मिनिटांनी संपली.

मिरजगावकडे जाणारी मोटार साडेपाचला सुटायची होती. दाऊद त्यांना सोडायला स्टँडपर्यंत गेला. कानिफनाथही आला, त्याची गाडी दुसऱ्या दिवशी होती, पण तो आला.

"कानिफराव, बरनीचं..." सहादेवने सुरुवात केली.

"राहू द्या हो."

"तुमच्या मंडळींनी जीव लावून घातलं आसंल."

"दरवर्षी घालते. पुढच्या वर्षी तुम्हाला पाठवतो, मग तर झालं?" कानिफनाथ थोडा घुटमळला. "सामना मी असा मागितला नव्हता. आमच्या पोरांना सांगताना बरं वाटणार नाही."

"त्येंना कशाला सांगता? खेळू द्या त्येंना."

मोटार आली. टपावर कुणाच्या तरी कोंबड्यांची डालगी चढवत होते. मुक्ताबाई पायरीजवळ थांबली आणि पहिल्यांदाच कानिफनाथशी बोलली.

"दादा, तुमच्याकडं डोंगरात पळस हाय का?"

"पळस? वाटेल तेवढा. का?"

"देह न्हाई मिळाला, की पळसाच्या पानांचा मानूस करत्यात. मग त्येला अग्नी देत्यात." ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. "आमच्याकडं पळस तोडून तोडून संपला. त्येचं करायचं ऱ्हायलंय. दोन वर्सं झाली."

सहादेवने पायरीचा दांडा धरला आणि तोंड दुसरीकडे फिरवले.

"मी स्वतः घेऊन येईन," कानिफनाथ म्हणाला. "पण बाई, आत्ता नाही. आत्ता पळसाला नुसती फुलं आहेत, पान एक नाही. नवी पानं चैत्र सरता सरता येतील. किती लागतात?"

"तीनशे साठ," सहादेव म्हणाला. त्याने ते कुणाला तरी कधीच विचारून ठेवले होते.

"आणतो. चैत्र संपला की आणतो."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मुक्ताबाई वर चढून खिडकीशी बसली. मोटार हलली तेव्हा तिने गजातून हात बाहेर काढला.

"लई कवळी तोडू नगा," ती म्हणाली. "जरा जून व्हऊ द्या."